किल्लीला हात लावायच्या आधी

पहिली गोष्ट, किल्ली फिरवायची नाही. नवी बॅटरी जोडून एकदा बघूया तरी, असं तुला वाटेल. तुझा नवरा तर हमखास म्हणेल. म्हणू दे. जुन्या मालकाने घराबरोबर कोठारात सोडून दिलेला तो पिवळा-पांढरा कब कॅडेट ट्रॅक्टर इतकी वर्षं उभा आहे. आणखी चार शनिवार उभा राहिला म्हणून त्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते घाईनं. आत सिलिंडर कोरडा पडलेला असतो, रिंगा गंजून भिंतीला धरलेल्या असतात, आणि स्टार्टर ते सगळं जोर लावून फरफटवतो. भिंतीवर एकदा ओरखडा उमटला की मग मशीनशॉप गाठा, बोअर करा, वरच्या मापाचा पिस्टन मागवा. फुकट मिळालेल्या ट्रॅक्टरचं चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला होऊन बसतं.

अगं, तुझ्या आजोबांची हीच शिस्त होती. विहिरीवर किर्लोस्करचं डीझेल इंजिन होतं. पावसाळाभर ते बंद असायचं. खंडेनवमीला पुसून, हळदकुंकू वाहून झालं, तरी लगेच हँडल मारायची कुणाची टाप नव्हती. ते आधी डीकॉम्प्रेशनचा खटका उचलायचे, चाक हाताने सावकाश फिरवायचे आणि कान द्यायचे. कुठे घासतंय का, कुठे अडतंय का. सायलेन्सरमधून पाखराचं घरटं निघालेलं मी पाहिलं आहे. सगळं मोकळं आहे अशी खात्री पटली की मगच हँडल. मी पुढे फोर्ट वेनला इंजिनिअर म्हणून आलो, कागदावर पुष्कळ शिकलो, पण बंद यंत्राजवळ कसं जायचं ते विहिरीवरच शिकलो होतो. तेच तुला सांगतोय.

आता हे यंत्र कोणतं ते समजून घे, म्हणजे त्याच्यावर वेळ घालवायचा की नाही हे तुझं तुला ठरवता येईल. कब कॅडेट इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ च्या हंगामासाठी बाजारात आणला. तो केंटकीतल्या लुइव्हिलच्या कारखान्यात बनायचा. त्याच कारखान्यात १९४७ पासून फार्मॉल कब हा छोटा शेतीचा ट्रॅक्टर बनत होता, आणि त्याच्याच मागच्या पेटीची घडण या अंगणातल्या ट्रॅक्टरला दिली होती. म्हणून तर साठ वर्षांनंतरही यांचे गिअर सहसा धड निघतात. अगदी पहिल्या मॉडेलनंतर इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये पट्टाही राहिला नाही, सरळ शाफ्ट आला. हल्ली दुकानात मिळणारे लॉन ट्रॅक्टर बघ, खालून पत्रा आणि पट्टे. हा ओतीव लोखंडाचा आहे, जवळपास तीनशे किलोचा. १९८१ मध्ये हार्वेस्टरने हा धंदा एमटीडीला विकला. कब कॅडेट हे नाव आजही चालू आहे, पण तुझ्याकडचा त्याआधीचा, म्हणजे अस्सल हार्वेस्टरचा.

आणि आपल्या घराशी याचं नातंही आहे. १९६३ मध्ये महिंद्रा, व्होल्टास आणि याच हार्वेस्टरने मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली, आणि कांदिवलीहून बी-२७५ बाहेर पडू लागला. आपल्याकडे उसाच्या पट्ट्यात ट्रॅक्टर म्हटलं की डोळ्यांपुढे तोच यायचा. आजोबांनी गावात पहिल्यांदा स्टिअरिंग धरलं ते त्याचंच. तुझ्या आईला विचार, तिला त्याचा आवाज अजून आठवत असेल.

सीटखाली वगैरे मॉडेलचा आकडा दिसला, १२२ असला, म्हणून इंजिनही मूळचंच असेल असं धरून चालू नकोस. या ट्रॅक्टरांची इंजिनं लोकांनी सर्रास बदलली आहेत. इंजिनाच्या आवरणावर कोहलरची पाटी असते. हो, तुझ्या न्हाणीघरातल्या नळावर नाव आहे तीच कोहलर, विस्कॉन्सिनची, १८७३ सालची. १२२ ला मुळात के-३०१ बसवलेलं होतं, एका सिलिंडरचं, १२ हॉर्सपॉवर, २९ घनइंच म्हणजे साधारण ४७६ सीसी. पाटीवरचा मॉडेल नंबर आणि स्पेसिफिकेशन नंबर दोन्ही लिहून घे. या मालिकेचे सुटे भाग अजून मिळतात, पण नंबर नसेल तर दुकानदार भलतंच गॅस्केट हातात ठेवतो.

काम सुरू कर ते आवरण काढण्यापासून. हे हवेने थंड होणारं इंजिन आहे. सिलिंडरभोवती पत्र्याचं आवरण, आत फिन. आणि कोठारात उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या फिनमध्ये उंदरांनी संसार थाटला नसेल तर मला आश्चर्य वाटेल. कापूस, गवत, अक्रोडाची टरफलं, सगळं निघेल. मास्क आणि हातमोजे घाल. लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, हवाही मारायची नाही. आधी जंतुनाशकाचं पाणी फवारून भिजवायच्या, मग पुसून घ्यायच्या. अमेरिकेत काही उंदरांच्या विष्ठेतून हंताव्हायरस पसरतो, त्यात थट्टा नाही. फिन स्वच्छ केल्याशिवाय इंजिन चालू केलंस तर ते दहा-पंधरा मिनिटं छान चालेल आणि मग तापून जाईल. लोक म्हणतात जुनं इंजिन होतं, गेलं. जुनं नव्हतं, झाकलेलं होतं.

मग प्लग काढ. भोकातून टॉर्चने आत बघ. लाल गंज दिसतोय, की फक्त काळं आहे? काळं असेल तर काळजी नको. आत थोडं इंजिन ऑइल सोड, गिअर न्यूट्रलला ठेव आणि पुढच्या बाजूची पुली हाताने फिरव. फिरली तर नशीबवान आहेस. नाही फिरली तर ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून दोन-तीन मोठे चमचे आत घाल आणि विसरून जा. ॲसिटोन भडकतं, तेव्हा हे काम दार उघडं ठेवून करायचं. रोज संध्याकाळी कामावरून आलीस की पुलीला हलका हिसका द्यायचा, एकदा इकडे, एकदा तिकडे. लांब पाइप लावून जोर करायचा नाही, दुसऱ्या गाडीने ओढून तर मुळीच नाही. आठवड्यात नाही सुटली तर सरळ हेड काढ. या इंजिनाचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून सिलिंडरच्या बाजूला ब्लॉकमध्ये आहेत, त्यामुळे हेड म्हणजे नुसतं झाकण आहे, काही बोल्ट आणि गॅस्केट. काढायला भिण्यासारखं काही नाही. त्या निमित्ताने काजळी खरवडून होते आणि व्हॉल्व्ह खाली-वर होतात का तेही दिसतं. परत बसवताना गॅस्केट नवं घ्यायचं, आणि बोल्ट टॉर्क पान्यानेच, पुस्तकातल्या क्रमाने, तीन टप्प्यांत आवळायचे.

इथे एक फसवी जागा आहे. कॉम्प्रेशन गेज लावशील, आकडा अगदीच कमी येईल, आणि वाटेल की संपलं. या मालिकेच्या बहुतेक इंजिनांत कॅमशाफ्टवर एक छोटी सोय असते. स्टार्टरच्या मंद वेगाला ती एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह किंचित उघडा धरते, म्हणजे इंजिन सहज फिरावं. वेग वाढला की आपोआप सोडून देते. त्यामुळे गेज खरं बोलत नाही. त्याऐवजी प्लग लावून चाक उलट्या दिशेला झटक्याने फिरव. दाबावर आपटून ते मागे उसळलं तर कॉम्प्रेशन आहे. या एका गोष्टीपायी पुष्कळ धडधाकट इंजिनं भंगारात गेली आहेत.

तेल आधीचं पूर्ण काढ. खाली पाणी साचलं आहे का, चकाकणारे कण आहेत का, हे फडक्यावर ओतून बघ. नवं घालायचं ते साधं एसएई ३०, डिपस्टिकच्या खुणेपर्यंत, त्याच्या वर नाही आणि खाली तर नाहीच नाही. या इंजिनाला तेलाचा पंप नाही. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला एक जीभ असते, ती दर फेऱ्याला तेलात बुडून तेल उडवते, त्यावर सगळं चालतं. शिवाय रॉडला वेगळं बेअरिंग नाही, ॲल्युमिनिअमचा रॉड सरळ क्रँकवर फिरतो. तेल उतरलं, किंवा उतारावर बराच वेळ आडवा चालवला, की जीभ कोरडी फिरते, रॉड धरतो आणि तुटून ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. हा प्रकार मी इथे कितीतरी अंगणांत पाहिला आहे. आपल्याकडे म्हणतात ना, तेल गेलं तूप गेलं. त्यापुढचं धुपाटणंही हाती राहत नाही. प्रत्येक वेळी ट्रॅक्टरवर बसण्याआधी डिपस्टिक बघायची. आजोबा नाही का, चप्पल घालायच्या आधी ती उलटी आपटून विंचू बघायचे, तितकं अंगवळणी पडायला हवं.

आता ठिणगी. यावर जरा सावकाश बोलतो, कारण बंद ट्रॅक्टर चालू न होण्याचं कारण बऱ्याचदा इथेच असतं आणि उपाय मात्र अगदी फुकटचा असतो. इंजिनाच्या बाजूला दोन स्क्रूंचं एक छोटं झाकण आहे. त्याखाली पॉइंट आहेत. कॅमशाफ्टवरून एक बारीक दांडी येते आणि त्यांची उघडझाप करते. वर्षानुवर्षं उभं राहिल्यावर त्यांच्या तोंडावर ऑक्साइडची साय चढते. डोळ्यांना दिसतही नाही, पण वीज अडवायला तेवढी पुरते. जाड कागदाचा तुकडा घे, तुझ्या नवऱ्याचं व्हिजिटिंग कार्ड उत्तम, त्यावर थोडं रबिंग अल्कोहोल लाव आणि पॉइंटच्या मध्ये धरून ओढ. कार्डावर काळी रेघ उठेल. रेघ उठायची थांबेपर्यंत ओढत राहा. सँडपेपर नको, त्याचे कण तिथेच रुततात.

मग फट. पॉइंट पूर्ण उघडे असताना वीस थाऊ, म्हणजे इंचाचे वीस हजारांश. फिलर गेज किंचित अडून सरकला पाहिजे. प्लगची फट ३५ थाऊ. पण एवढ्यावर थांबू नकोस. फ्लायव्हीलवर एक खूण आहे, इंग्रजी एस अक्षराची, ती आवरणाच्या छोट्या भोकातून दिसते. पिस्टन वर पोचायच्या २० अंश आधीची ती जागा. ती खूण भोकात आली की बरोबर त्याच क्षणी पॉइंट उघडायला हवेत. पॉइंटला टेस्टर दिवा लाव, चाक हाताने हळू फिरव, दिव्यावर नजर ठेव. खूण आणि दिवा जुळेपर्यंत फट एखाद-दुसरा थाऊ कमी-जास्त कर. शेवटचा शब्द खुणेचा, गेजचा नाही. हे जमलं की इंजिन पहिल्या फेऱ्यात पकडतं, आणि ते ऐकण्यासाठी एवढा खटाटोप सार्थ आहे.

नंतर प्लग वायरला लावून त्याचं अंग हेडला टेकव आणि चाक फिरव. टचकन निळी ठिणगी हवी. पिवळी, मरगळलेली असेल तर कंडेन्सर बदल. तो स्वस्तात मिळतो, त्यावर घासाघीस नको. पेट्रोलचं भांडं मात्र त्या वेळी खोलीबाहेर.

पेट्रोल आधीचं सगळं फेकायचं, तेही जमिनीत ओतून नव्हे, काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात नेऊन. त्याला व्हार्निशचा वास येत असेल. टाकीखाली काचेची वाटी असेल, ती काढून धू, तळाशी गंज आणि पाणी सापडेल. रबरी नळी बघायचीच नाही, नवी घालायची. टाकीत आतून गंज असेल तर आधी साबणाच्या पाण्याने अनेकदा विसळून वाफ घालव, मग व्हिनेगर भरून एक-दोन दिवस ठेव, आत थोडी साखळी टाकून हलव. धुऊन लगेच वाळव, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस होते.

कार्बोरेटर टेबलावर पांढरं फडकं अंथरून त्यावर उघड. प्रत्येक सुटा भाग काढल्या क्रमाने ठेवायचा आणि मोबाइलवर फोटो काढत जायचं. मी जुना मसाल्याचा डबा वापरतो, सात वाट्यांचा, झाकणाचा. तुझ्या मामीने तो केव्हाच माझ्यावर सोडून दिला आहे. आतली बारीक भोकं तारेने खरवडू नकोस, भोक मोठं झालं की कार्बोरेटर हातचा गेला. क्लीनरमध्ये बुडव आणि हवा मार. पितळेचा तरंगता गोळा गरम पाण्यात धर. बुडबुडे आले तर त्याला चीर आहे आणि पेट्रोल आत शिरून तो बुडणार. बसवताना सुया हलक्या बोटाने टेकेपर्यंत आवळायच्या आणि मग मुख्य सुई साधारण दोन फेरे मागे घ्यायची. जोराने आवळलीस तर तिच्या टोकावर वळ पडतो, मग ती कधीच नीट बंद होत नाही. बाकी जुळवणी चालू इंजिनावर, कानाने.

विजेचं एक निराळेपण सांगतो. या ट्रॅक्टरला वेगळा स्टार्टर आणि वेगळा डायनॅमो नाही. बाजूला पट्ट्याने जोडलेलं एकच यंत्र आहे, ते आधी इंजिन फिरवतं आणि चालू झालं की तेच बॅटरी भरतं. त्याचा पट्टा ढिला असेल तर तो नुसता किंचाळेल आणि तुला वाटेल बॅटरी उतरली. बरीच वर्षं पडून राहिल्यावर हे यंत्र आपली दिशा विसरतं. इंजिन चालू करण्याआधी रेग्युलेटरवरची बॅटरीची आणि आर्मेचरची टोकं वायरच्या तुकड्याने क्षणभर एकमेकांना टेकवायची. एक ठिणगी उडते, काम झालं. हे न करता चालू केलं तर चार्जिंग होत नाही आणि लोक चांगला रेग्युलेटर बदलत बसतात. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीला टेप गुंडाळू नकोस, पूर्ण वायर नवी टाक. मोजक्या तर वायरी आहेत.

एवढं झालं की मग किल्ली. ट्रॅक्टर बाहेर उघड्यावर, चाकांना ओंडके, गिअर न्यूट्रल, पात्यांकडे जोर नेणारा पुढचा पीटीओ सुटलेला, हाताशी अग्निशामक. टाकी भरायची नाही, थोडंच पेट्रोल. चालू झाल्यावर निळा धूर येईल, ते तू सिलिंडरात सोडलेलं तेल जळतंय, घाबरायचं नाही. पाच-दहा मिनिटांनी बंद कर आणि तेल गरम असतानाच पुन्हा बदल. पहिलं तेल आतला सगळा गाळ धुऊन आणतं. दहा-पंधरा मिनिटं झकास चालून इंजिन आचके देत बंद पडत असेल आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू होत असेल, तर कार्बोरेटर परत उघडण्याआधी टाकीचं झाकण ढिलं करून बघ. त्यातलं हवेचं भोक बुजलेलं असतं. आणि गव्हर्नरची स्प्रिंग ताणून वेग वाढवायचा मोह आवर. या इंजिनाची हद्द मिनिटाला ३६०० फेरे, त्यापुढे त्या ॲल्युमिनिअमच्या रॉडचं काही खरं नाही.

मागच्या पेटीतलं तेल बघितल्याशिवाय गिअर टाकू नकोस. ते दुधाळ चहाच्या रंगाचं दिसलं तर आत पाणी गेलं आहे. गिअरच्या दांडीच्या फाटक्या रबरातून पाणी उतरतं, तळाशी साचतं, आणि इंडियानाच्या जानेवारीत गोठतं. काढून टाक, थोडं स्वस्त तेल घालून चालवून तेही काढ, मग हार्वेस्टरचं हाय-ट्रान किंवा त्याच दर्जाचं भर. दांडीचं रबर तेवढं बदलायला विसरू नकोस, नाहीतर ये रे माझ्या मागल्या.

क्लच बहुधा जाम असेल. पेडल दाबून, मध्ये लाकडाचा तुकडा अडकवून रात्रभर ठेव, कधी कधी तेवढ्यानेच सुटतो. उघडावा लागला तर धुळीला हवा मारू नकोस, त्या काळच्या क्लच-ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पूस. मागच्या टायरांत वजनासाठी कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरायची पद्धत होती. व्हॉल्व्हपाशी पांढरी पुटं दिसली तर रिम आतून खाल्ली गेली असेल, चाक काढून बघ. गवत कापायच्या डेकबद्दल मी फार बोलत नाही. ते पत्र्याचं काम आहे, पाती धारदार आणि बेअरिंग निर्धोक असली की झालं.

नट-बोल्टचं एक ऐक. हा इंचांचा ट्रॅक्टर आहे. सात-सोळांश, अर्धा, नऊ-सोळांश. १३ मिलिमीटरचा पाना अर्ध्या इंचावर चढतो, थोडा आवळतो, आणि डोकं गोल करून टाकतो. सहा कोनी सॉकेटच वापर. गंजलेला बोल्ट सोडवताना आधी किंचित आवळायचा, मग सोडायचा. आत झिरपणारं तेल आदल्या दिवशीच मारून ठेव. तरी नाही सुटला तर उष्णता दे, पण पेट्रोलच्या आसपास नाही. स्टिअरिंगचं चाक हा यातला सगळ्यात हट्टी भाग. त्यावर हातोडा चालवलास तर दांड्याचे आटे जातील आणि चाकही फुटेल. पुलर आणि सबुरी, दुसरं काही नाही. ब्रॅकेटसारखे लहान भाग फारच गंजले असतील तर प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी आणि धुण्याचा सोडा घेऊन बॅटरी चार्जरने गंज उतरवता येतो. ऋण टोक आपल्या भागाला, धन टोक टाकाऊ लोखंडाला. स्टेनलेस स्टील त्या बाजूला कधीच लावायचं नाही, विषारी क्रोमियम सुटतं. आणि हायड्रोजन निघतो, म्हणून हे अंगणात.

रंग सगळ्यात शेवटी, आणि माझं विचारशील तर शक्यतो नकोच. इथल्या जत्रांमधून मी चकचकीत रंगवलेले ट्रॅक्टर बघतो. हूड आरशागत आणि खाली पुढच्या आसाची खीळ इतकी झिजलेली की चाकं डुगडुगतात. वरून कीर्तन, आतून तमाशा. मूळचा पिवळा रंग सत्तर टक्के शाबूत असेल तर साबणाने धू, मेण लाव, स्टिकर आहेत तसे राहू देत. तो रंग पुन्हा कधी मिळत नाही. रंगवायचाच असेल तर जुन्या रंगात शिसं आहे असंच धरून चाल. कोरडं घासायचं नाही, ओलं घासायचं, पी-१०० दर्जाचा मास्क लावायचा, आणि पोरांना त्या बाजूला फिरकू द्यायचं नाही.

खर्चाचं म्हणशील तर बॅटरी, पॉइंट, कंडेन्सर, प्लग, गॅस्केट, नळ्या आणि तेलं यात काम व्हायला हवं. टायर गेले असतील तर मात्र तेवढेच पैसे पुन्हा. इंटरनेटवर बघून आख्खा ट्रॅक्टर एकदम सुटा करू नकोस. सुटे झालेले ट्रॅक्टर खोक्यांतून विकले जातात, जोडलेले चालतात. एका वेळी एकच गोष्ट उघडायची, ती बसवून झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. अडलीस तर आजूबाजूच्या सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या शेतकऱ्याला विचार. ही माणसं याच यंत्रांवर वाढली आहेत, आणि त्यांना कुणी विचारत नाही म्हणून ती वाट बघत असतात. आलं-वेलची घातलेला चहा दे, दुपारभर हलणार नाहीत.

पोरं मागे लागतील, मांडीवर घे म्हणून. नाही म्हणायचं. या ट्रॅक्टरला सीटखालचा स्विच नाही; चालवणारा पडला तरी हा थांबत नाही, पाती फिरतच राहतात. एक सीट, एक माणूस. उतार चढायचा-उतरायचा तो सरळ, आडवा नाही.

हंगाम संपला की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालव, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. इथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओल धरतं आणि हिवाळाभरात पितळ हिरवं करून ठेवतं. बिनइथेनॉलचं काही पंपांवर मिळतं, महाग असलं तरी या एका यंत्रापुरतं तेच आण. पुढे बर्फ ढकलायचं पातं लावणार असशील तर मागच्या चाकांना वजनं आणि साखळ्या लागतील, त्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, दिवसाउजेडी चढवून ठेव. पहिला बर्फ पडल्यावर काकडलेल्या बोटांनी त्या कड्या जुळत नाहीत.